‘बिंदू चौकात या!’ : कोल्हापूरच्या मधल्या मोकळ्या जागांचा हिशेब

कोल्हापूरच्या राजकारणात एक वाक्य वर्षानुवर्षं चालत आलंय. ‘हिंमत असेल तर बिंदू चौकात या!’ निवडणूक महापालिकेची असो, गोकुळची असो नाहीतर लोकसभेची. आरोप झाला, पुरावे मागितले गेले, की हे आव्हान ठरलेलं. वीसेक वर्षं बातमीदारी करतोय, हे वाक्य कितीदा मथळ्यात लावलं असेल त्याची मोजदाद नाही. समोरचा येतो का? बहुतेक वेळा नाही येत. पण आव्हान द्यायचं तर ते बिंदू चौकाचंच, हे कोणत्याच पक्षाने आजवर बदललेलं नाही.

जरा विचार करा. दुसरीकडे पुढारी म्हणतात, ‘कोर्टात भेटू’. आपल्याकडे चौकाचं नाव घेतात. म्हणजे या शहराने मनात एक गोष्ट पक्की धरलीय : खरंखोटं करायची एक जागा आहे, ती उघडी आहे, आणि तिथं उभं राहायला पास लागत नाही.

आज हा विषय काढायचं कारण आहे. येत्या काही वर्षांत कोल्हापूरचा मधला भाग जेवढा बदलणार आहे, तेवढा आपल्या हयातीत बदललेला नाही. अंबाबाई मंदिर परिसराच्या सुमारे १४४५ कोटींच्या आराखड्याला २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्याच वर्षी १८ ऑगस्टला भाऊसिंगजी रोडवर, सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालेलं केशवराव भोसले नाट्यगृह पुन्हा उभं करायचं काम आहेच. या तिन्हींच्या चर्चेत सगळ्यात जास्त वेळा कानावर येणारा शब्द कोणता? पार्किंग. मोकळी जागा दिसली की पहिला प्रश्न, ‘इथं गाड्या किती बसतील?’

माझं म्हणणं सरळ आहे. या मोकळ्या जागा उगाच राहिलेल्या नाहीत. कुणीतरी त्या सोडल्या, कुणीतरी त्या भांडून मिळवल्या. तो हिशेब माहीत नसताना त्यांचं काय करायचं ते ठरवू नये.

तट, वेशी आणि तळी

जुनं कोल्हापूर म्हणजे तटाच्या आतलं गाव. मध्ये अंबाबाईचं देऊळ, शेजारी जुना राजवाडा आणि भवानी मंडप, भोवती दगडी तट आणि खंदक. तटाला सहा वेशी होत्या. गंगावेश, रंकाळा वेश, वरुणतीर्थ वेश आणि मंगळवार, शनिवार, रविवार या वारांच्या वेशी. तट गेला, खंदक बुजला, पण आजही केएमटीचा कंडक्टर ‘गंगावेश, गंगावेश’ ओरडतोच. तट कसा होता ते बघायचं असेल तर बिंदू चौकातल्या सबजेलच्या भिंतीकडे बघा. रोज तिच्याजवळून गाड्या काढणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल की आपण गावाच्या हद्दीवरून चाललोय?

त्या गावात तळी भरपूर होती. वरुणतीर्थ बुजलं, त्याचं गांधी मैदान झालं. कपिलतीर्थाची मंडई झाली. रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभं राहिलं. पद्माळ्याचं उद्यान झालं. तळी गेली हे नुकसानच. पण एक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. तळं बुजवल्यावर ती जमीन प्लॉट पाडून विकली नाही. ती मैदान, मंडई, स्टेडियम, बाग म्हणून लोकांकडेच राहिली. आज आपल्याकडे मधल्या भागात ज्या काही मोकळ्या जागा आहेत, त्यातल्या बऱ्याच म्हणजे जुन्या पाण्याच्या जागा आहेत.

पाणी मात्र आपली जागा विसरत नाही. मोठा पाऊस झाला की गांधी मैदानात पाणी साठतं आणि दरवर्षी आम्ही तीच बातमी करतो : ‘मैदानाला तळ्याचे स्वरूप’. अहो, ते तळंच होतं! मैदानाचं नाव बदललं तरी उतार बदलत नाही. पुढचं कुठलंही काम काढताना हा एवढा इतिहास कागदावर असता, तर बराच खर्च वाचला असता.

गावाचं दुसरं टोक

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून गाव तटाबाहेर पाऊल टाकू लागलं. १८५० मध्ये नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, तीच पुढे करवीर नगर वाचन मंदिर झाली. १८५४ मध्ये नगरपालिका आली. १८७० आणि ८० च्या दशकांत मेजर मँट या इंग्रज वास्तुविशारदाच्या आराखड्यांवर टाऊन हॉल, आजचं सीपीआर हॉस्पिटल आणि नवा राजवाडा उभे राहिले. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि स्टेशन गावाच्या पूर्वेला, बऱ्यापैकी लांब झालं. साहजिकच गाव त्या दिशेला ओढलं गेलं.

शाहू महाराज गादीवर आले १८९४ मध्ये. दुसऱ्याच वर्षी त्यांनी स्टेशनच्या बाजूला शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली आणि गुळाच्या बाजाराला हक्काची जागा मिळाली. पुढे राजाराम महाराजांच्या काळात लक्ष्मीपुरी आणि राजारामपुरी वसल्या. राजारामपुरीच्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली... जुन्या पेठेतला माणूस पत्ता सांगताना देऊळ नाहीतर तालीम सांगतो, राजारामपुरीचा माणूस आकडा सांगतो. एकाच शहरात दोन काळ नांदतात ते असे.

पण शाहूंनी नुसती पेठ वसवली नाही. जुनं गाव आणि नवी पेठ यांच्यामधल्या पट्ट्यात काय ठेवायचं याचाही विचार त्यांनी केलेला दिसतो. दसरा चौकात उभं राहून एकदा चौफेर बघा. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, सारस्वत बोर्डिंग. १९०१ पासून पुढच्या काही वर्षांत शाहूंनी वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांची साखळी उभी केली, त्यातली ही काही. जातवार बोर्डिंगं कशाला, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही विचारला जातो. पण खेड्यातून आलेल्या पोराला शहरात राहायला खोलीच मिळत नव्हती, तिथं आधी दार उघडणं गरजेचं होतं. आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हे की ही दारं शहराच्या चार कोपऱ्यांत विखुरली नाहीत. एकाच चौकाकडे तोंड करून ती उभी राहिली. बोर्डिंग वेगळं, पण सकाळी बाहेर पडल्यावर चौक एकच. टाऊन हॉल आणि हॉस्पिटलही तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. हा माझा अर्थ झाला, पण नकाशा बघितलात तर तुम्हालाही पटेल.

कुस्ती आणि नाटक, पाठीला पाठ लावून

दुसरी जागा खासबागेची. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराज इंग्लंडला गेले होते. त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि खासबाग मैदानाची कल्पना तिथून सुचली, असं सांगतात. १९१२ मध्ये मैदान तयार झालं. बांधणी बघा, किती साधी आणि किती डोक्याची आहे. मध्ये कुस्तीचा हौदा आणि भोवती वर चढत जाणारा गोल उतार. शेवटच्या रांगेत बसलेल्या गड्यालाही खालचा डाव दिसतो. पुढच्याचं डोकं मध्ये येत नाही.

त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं राहिलं. १९५७ मध्ये त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. केशवराव म्हणजे ललितकलादर्श मंडळीचे गायकनट, कोल्हापूरचेच. एका बाजूला मातीचा हौदा, दुसऱ्या बाजूला संगीत नाटकाचा पडदा, मध्ये एक भिंत. हे दोन प्रेक्षक वेगळे, असं आपण आज गृहीत धरतो. ज्याने ही जागा आखली त्याने तसं धरलं नव्हतं. कुस्तीला आलेला माणूस नाटकाचं दार ओलांडून जाऊ शकतो, हे त्याने जागेतच मांडून ठेवलं होतं.

म्हणून २०२४ ची ती आग नुसत्या इमारतीची नव्हती. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री नाट्यगृह जळालं आणि दुसऱ्या दिवशी त्या राखेसमोर म्हातारे नट, बॅकस्टेजची पोरं, पैलवान, भाजीवाल्या मावशी असे सगळे उभे होते. कुणी बोलावलं नव्हतं त्यांना. शंभर वर्षांपूर्वीची आखणी अजून काम करत होती, असं मला तेव्हा वाटलं.

राजाने जागा दिली, लोकांनी अर्थ दिला

आपल्याकडे सगळं श्रेय शाहू महाराजांना देऊन मोकळं व्हायची सवय आहे. श्रेय आहेच. पण अर्धी गोष्ट लोकांची आहे, ती सांगायची राहून जाते.

शिवाजी चौकातला महाराजांचा अर्धपुतळा आहे ना, तिथं आधी मुंबई प्रांताचा गव्हर्नर विल्सन याचा पुतळा होता. बेचाळीसच्या चळवळीत तो विद्रूप केला गेला. ते काम दोन बायकांनी केलं, भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हाविरे. पुढे १९४५ मध्ये भालजी पेंढारकर, बाबूराव पेंटर यांच्यासारख्या मंडळींच्या पुढाकाराने त्याच जागी शिवाजी महाराज आले. चौक तोच राहिला, मालक बदलला.

बिंदू चौकाचंही तसंच. डिसेंबर १९५० मध्ये भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने तिथं महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. जिवंत माणसाचा पुतळा, आणि तोही देवळापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, जुन्या तटाच्या तोंडाशी. गावाची वेस म्हणजे कोण आत आणि कोण बाहेर हे ठरवणारी जागा. नेमकं तिथं फुले-आंबेडकरांना उभं करणं, यात काय होतं ते वेगळं सांगायला नको. त्यानंतर हा चौक सभांचा झाला. लाल बावट्याचं कार्यालय तिथंच, हुतात्म्यांचं स्मारक तिथंच. ‘बिंदू चौकात या’ या वाक्याला वजन येतं ते या सगळ्यामुळे.

टोलचं आंदोलन तर तुम्ही-आम्ही डोळ्यांनी बघितलंय. शहरातल्या एकोणपन्नास किलोमीटर रस्त्यांसाठी शहरातच टोल द्यायचा, हे लोकांना पटलं नाही. एन. डी. पाटील सरांसारखा वयोवृद्ध माणूस रस्त्यावर उतरला, पेठापेठांतल्या तालमी उतरल्या, बायका उतरल्या. काही वर्षं हे चाललं आणि २०१५ च्या अखेरीस सरकारला टोल रद्द करावा लागला. २०१८ मध्ये सकल मराठा समाजाचं ठिय्या आंदोलन झालं ते दसरा चौकात. कोणतंही मोठं आंदोलन आठवा, त्याचा पत्ता याच चार-पाच जागांपैकी एक निघेल.

आणि जेव्हा सभागृहच नसतं तेव्हा? महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पाच वर्षं प्रशासक कारभार बघत होते. त्या काळात गटार तुंबलं, पाणी आलं नाही, तर नगरसेवक म्हणून कुणाच्या दारात जायचं? लोक चौकातच गेले. निवडून दिलेलं सभागृह बंद असताना बिनछपराचं सभागृह उघडं होतं.

आता दुसरी बाजू

पार्किंगची गरज खोटी आहे असं मी म्हणत नाही. महाद्वार रोडचा दुकानदार म्हणतो, गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक बाहेरच्या शोरूमला जातं. बरोबर आहे त्याचं. सीपीआरच्या दारात ॲम्ब्युलन्स अडकते तेव्हा चौकाचा इतिहास सांगून उपयोग नसतो. सर्किट बेंचसाठी आता सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातून पक्षकार येतात. नवरात्रात भाविकांच्या गाड्यांची रांग कुठपर्यंत जाते ते आपण बघतोच. २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या घरात असलेलं शहर त्यानंतर वाढलंच आहे, आणि मधल्या गल्ल्या मात्र घोडागाडीच्या मापाच्या.

पण यातूनच उत्तर निघतं. गल्ल्या घोडागाडीच्या मापाच्या असतील, तर प्रत्येक गाडी देवळाच्या दारापर्यंत आणायचा हट्ट कधीच पुरा होणार नाही. मध्ये पार्किंग वाढवलं की आणखी गाड्या मध्ये येतात. त्या पुन्हा त्याच मिरजकर तिकटीला आणि माळकर तिकटीला अडकतात. बिंदू चौकात तटाच्या भिंतीला लागून पार्किंग आहेच की. त्याने कोंडी सुटली का? गाड्या कडेला थांबवून आत छोट्या बसने किंवा पायी आणणं, हाच मार्ग राहतो. जुन्या गावाने तेच केलं होतं. तेव्हा वेशी होत्या, आता वाहनतळ असतील.

मागणं काय?

एक. अंबाबाई परिसराचा आराखडा असो की शहराचा विकास आराखडा, त्यात बिंदू चौक, दसरा चौक, गांधी मैदान आणि खासबाग या जागा ‘लोकांनी जमण्याच्या जागा’ म्हणून स्पष्ट लिहाव्यात. तिथं पक्कं बांधकाम नाही, कायमचं पार्किंग नाही. सुशोभीकरणाच्या नावाखाली रेलिंग आणि कारंजी टाकून लोकांना उभं राहायलाच जागा उरू नये, असंही नको. सभा घ्यायची तर मोकळी फरशी लागते.

दोन. दसरा चौकातून निघून भाऊसिंगजी रोडने शिवाजी चौक, भवानी मंडप, बिंदू चौक, मिरजकर तिकटी आणि खासबाग. हा रस्ता रमतगमत चाललं तरी पाऊण तासाचा. बोर्डिंगं, टाऊन हॉल, कोर्ट, वाचनालय, राजवाडा, पुतळे, नाट्यगृह, मैदान, सगळा दीडशे वर्षांचा इतिहास त्यावर आहे. एवढ्या पट्ट्यात सलग, मोकळा, सावलीचा फुटपाथ द्या. आज तिथं म्हाताऱ्या माणसाला दर पन्नास पावलांवर रस्त्यात उतरावं लागतं.

तीन. हरकती आणि सूचना पेपरात छोटी जाहिरात देऊन मागवू नका. मंदिर परिसरातल्या ज्यांच्या घरादुकानांवर भूसंपादन येणार आहे, त्यांची सुनावणी बंद खोलीत नको. आराखडा मोठा करून खासबागेत लावा. अधिकारी हौद्यात उभे राहू देत आणि लोक उतारावर बसतील. शेवटच्या रांगेतल्यालाही दिसेल असंच ते मैदान बांधलंय.

पुतळे पुढेही होतील, इमारतीही होतील, त्याला निधी मिळतो. मोकळ्या जागेला निधी लागत नाही, ती नुसती राखावी लागते. म्हणूनच ती सगळ्यात आधी जाते. उद्या बिंदू चौकात उभं राहायला चार फूट जागा उरली नाही, तर आव्हान देणारा कुठं बोलावणार आणि ऐकणारे कुठं जमणार, याचा विचार आराखडा रंगवणाऱ्यांनी आत्ताच करावा.

तुमच्या पेठेत अशी एखादी जागा असेल, जिथं आधी तळं होतं, कट्टा होता, तालमीचं अंगण होतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि तिचं जुनं नाव, आता तिथं काय आहे, एवढं दोन ओळींत लिहून पाठवा. नावं जमली की यादी करून आराखड्याच्या हरकतींना जोडू. नुसती हळहळ कुणी नोंदवून घेत नाही, यादी असली की पोचपावती द्यावीच लागते.